गाडीचीही शाकारणी: गोव्यात कॅम्पर व्हॅन कशी सांभाळावी

कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, देखभालीवर जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड देशांतलं. नळ्यांतलं पाणी गोठू नये म्हणून हिवाळ्याआधी काय करायचं, यावरच त्यात पानं भरलेली असतात. गोव्यात नळ्या गोठत नाहीत. इथे पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उरलेलं वर्ष खारा वारा पत्रा खात बसतो. त्यामुळे इथलं वेळापत्रक मृगावरून ठरवायचं. घर शाकारायला माणसं चढतात त्याच सुमाराला, म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, गाडीच्या टपावरही चढायचं.

टप

नव्या मालकाचा सगळ्यात मोठा खर्च इंजिनात होत नाही, टपातून झिरपणाऱ्या पाण्यात होतो. टपावर पंखा, स्कायलाइट, सोलर पॅनलचे ब्रॅकेट, अँटेना असं जे जे बसवलंय, तिथे भोक पाडलेलं असतं आणि ते केवळ सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लुकणाच्या, भरवशावर बंद असतं. उन्हाने सीलंट कडक होतं, रस्त्यावरच्या हादऱ्यांनी त्याला केसाएवढी चीर पडते. आत प्लाय असेल तर तो फुगतो, आणि डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड कुजून गेलेलं असतं.

१. टपावर थेट पाय देऊ नका. रुंद फळी टाका आणि वजन फळीवर ठेवा.

२. साध्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने टप धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा सांध्यांवर मारलात तर चांगलं सीलंटही उचकटून येतं.

३. प्रत्येक सांधा बोटाने दाबत जा. तडकलेला, कडेने सुटलेला भाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

४. पॉलियुरेथेन सीलंट भरा, २४ तास हात लावू नका. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त सिलिकॉन पुढे करतील. ते घेऊ नका. एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, आणि पुढच्या वर्षी सगळं खरवडण्यात दिवस जातो.

५. आता पाइपने पाणी सोडून बघा. सुरुवात खिडक्यांच्या खालच्या कडेपासून करा आणि हळूहळू वर सरका. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. थेंब आत जिथे पडतो, त्याच्या बरोबर वर भोक क्वचितच असतं, कारण पाणी प्लायवरून वाट काढत दोन-तीन फूट पुढे येतं.

आतून भिंतीवर बोटाने टकटक करत जा. एखाद्या ठिकाणी आवाज बद्द आला किंवा भिंत मऊ लागली, तर तिथे पाणी मुरलंय असं समजा.

खार आणि लाल माती

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहे, पण किनाऱ्यालगत दोन रात्री उभी केली तरी खार बसतोच. परतल्यावर गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा: चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), स्प्रिंगांचे पाटे, ब्रेकच्या नळ्या, पायरीची बिजागरी. वरची रंगवलेली बॉडी चकाचक ठेवणारे बरेच जण खाली वाकूनच बघत नाहीत. खाण भागातली लाल माती चॅसीच्या कोपऱ्यांत बसली की ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा सुरू होण्याआधी ती खरवडून काढायची आणि मग अँटिरस्टचा थर द्यायचा. आधी थर आणि मग धुणं असा उलटा क्रम झाला तर गंज आतल्या आत वाढतो.

पिण्याच्या पाण्याची टाकी

टाकीला वास यायला लागला की तिच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर तयार झालाय असं धरा. प्लॅस्टिकच्या टाकीसाठी उपाय असा: टाकी रिकामी करा, फिल्टरचं काडतूस काढून ठेवा. दर १०० लिटर पाण्याला ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं (ब्लीचचं) १०० मिली द्रावण घ्या. सुगंधी नको, आणि वर्षभर उन्हात पडलेली बाटलीही नको, कारण उष्णतेने त्याचा जोर उतरतो. बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत ओता, टाकी काठोकाठ भरा. एकेक नळ आणि शॉवर क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा, मग बंद करा. रात्रभर ठेवून सकाळी सगळं सोडून द्या आणि वास जाईपर्यंत, निदान दोनदा, साध्या पाण्याने टाकी भरून रिकामी करा. नवं काडतूस त्यानंतर बसवा. विहिरीचं पाणी भरत असाल तर आधी ५ मायक्रॉनचा फिल्टर हवाच, पावसाळ्यात विहिरी गढूळ होतात.

नळ बंद असताना रात्री पंप मधूनच टक्कन सुरू होत असेल तर कुठेतरी पाणी गळतंय, किंवा पंपाचा व्हॉल्व्ह दाब धरत नाहीये. सकाळी सिंकखालच्या जोडांवर कोरडा कागद फिरवून बघा.

बॅटरी आणि वीज

लेड-अॅसिड बॅटरी दोन तास काहीही न चालवता ठेवा आणि मल्टिमीटर लावा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. निम्म्याखाली वारंवार उतरवली की ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हा हिशेब लागू नाही, तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखंच राहतं, म्हणून तिला शंटवाला मॉनिटर, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर, लावा. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर आला तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून वर व्हॅसलीनचा हात फिरवा.

इंडक्शन शेगडीचा मोह आवरता येत नसेल तर गणित बघा: १२०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरहून जास्त ओढते. एक लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) सैल असला तरी तो तापून इन्सुलेशन वितळतं. दर तीन महिन्यांनी सगळे लग आवळा, पण त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

होमस्टेच्या प्लगवर गाडी जोडताना १६ अँपिअरचा प्लग, २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची कॉपर केबल वापरा आणि ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल भाराखाली तापते. जिथे अर्थिंगची खात्री नाही, तिथे जोडूच नका, कारण गाडीची बॉडी धातूची आहे आणि पायाखाली ओली जमीन. गाडीतल्या आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. विजा चमकू लागल्या की प्लग काढायचा.

गॅस

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी असते. उंदीर येतात म्हणून ती जाळी बंद करणारे लोक आहेत. तसं करू नका, बारीक स्टीलची जाळी लावा. नळीवर छापलेली तारीख बघून पाच वर्षांत ती बदला. जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती. गाडी चालताना सिलिंडर बंद.

टायर, ब्रेक आणि घाट

कॅम्परचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांनंतर खाच कितीही शाबूत दिसो, टायर बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. तापलेल्या टायरची हवा जास्त दाखवते म्हणून ती कमी करू नका.

१०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. भरलेली गाडी एकदा काट्यावर घाला आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. चोर्ला किंवा अनमोड घाटात निघताना टाकी थोडीच भरलेली असावी. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग लांब उतारावर उकळून पेडल मऊ पडतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला.

पावसाळाभर उभी करताना

माडाखाली नको, नारळच काय, चुडत (झावळी) पडलं तरी स्कायलाइट फुटतो. टपावर पाणी साचणार नाही अशा किंचित उतारावर लावा, चाकांना ठोकळे द्या आणि हँडब्रेक सोडा. ओढून ठेवला तर दमटपणाने ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. ताडपत्री थेट अंगावर बांधू नका, ती आतली ओल कोंडते आणि वाऱ्याने फडफडून रंग घासते. पत्र्याची शेड उत्तम. डिझेलची टाकी भरून ठेवा, नाहीतर मोकळ्या जागेत पाणी धरतं.

आत गाद्या उभ्या करा, फ्रिजचं दार आणि सगळी कपाटं उघडी ठेवा. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवा आणि भरले की रिकामे करा. वायर आत येतात त्या भोकांत स्टील वूल कोंबा, पावसात उंदरांना कोरडी जागाच हवी असते. जागेवर पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून काही होत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. पंधरा दिवसांतून एकदा पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत) ओलं गुंडाळलं असेल तर ऊन पडलेल्या पहिल्याच दिवशी उघडून वाळवा, एकदा बुरशीचे काळे ठिपके धरले की ते पुसून जात नाहीत.