पेपर पाठवताय? पीअर रिव्ह्यूच्या या चुका टाळा

मागच्या महिन्यात एक पोरगं आलं, गुलाबी बोंडअळीवरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, एका जर्नलात छापून आला म्हणून खूश, सर्टिफिकेट पण दाखवलं. मी विचारलं पीअर रिव्ह्यूत, म्हणजे त्याच विषयाच्या जाणकारांनी पेपर तपासला त्यात, काय लिहून आलं, तर म्हणे "सर, मले तं काहीच नाही आलं, पैसे भरले अन् तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट." जीव तुटला माझा, दोन हंगाम वावरात फिरून पोरानं आकडे गोळा केले होते.

तर पहिली चूक हीच, साइटवर "पीअर रिव्ह्यूड" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवणं. रिव्ह्यूअरचा, म्हणजे तपासणाऱ्याचा, रिपोर्ट मागा. खरा रिव्ह्यू दिसतो कसा हे बघायचं असेल तर नेचर कम्युनिकेशन्स या जर्नलचा अलीकडचा कोणताही पेपर उघडा, खाली सप्लिमेंटरी इन्फर्मेशनमधे पीअर रिव्ह्यू फाइल असते, रिव्ह्यूअर काय म्हणाले, लेखकांनी काय उत्तर दिलं, सगळं फुकट वाचायला. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात हे शिकवायला कोणी नसतं ना, मग दोन-तीन फायली वाचल्याशिवाय पेपर पाठवूच नका.

ओपन ॲक्सेस अन् ओपन रिव्ह्यू एकच समजू नका. पहिल्यात पेपर फुकट वाचता येतो एवढंच, दुसऱ्यात रिव्ह्यूअरचे रिपोर्ट किंवा नावं उघड असतात. ओपन रिव्ह्यूतही फरक आहे, बीएमजे या वैद्यकीय जर्नलमधे १९९९ पासून रिव्ह्यूअर नावानिशी लिहितात, नेचरनं जून २०२५ पासून नव्या पेपरांचे रिपोर्ट आपोआप छापायचं ठरवलं पण नाव रिव्ह्यूअरची तयारी असेल तरच. एफ१०००रिसर्च या ऑनलाइन जर्नलमधे पेपर आधी ऑनलाइन येतो अन् रिव्ह्यू नंतर होतो, त्यामुळे ऑनलाइन दिसला म्हणजे पास झाला असं धरून पेढे वाटू नका.

रिव्ह्यूअरला उत्तर रागात लिहू नका, जिथं रिव्ह्यू छापतात तिथं ते पेपरसोबत कायम राहतं अन् उद्या मुलाखत घेणारा पण वाचू शकतो. एकेक मुद्दा घ्या, बदल केला तर ओळ नंबर द्या, पटलं नाही तर कारण आकड्यांसकट लिहा, "सुधारणा केली आहे" एवढ्यानं भागत नाही.

अन् काही जर्नल रिव्ह्यूअर तुम्हालाच सुचवायला सांगतात, तेव्हा मित्राचा जीमेल देऊ नका, २०१५ मधे स्प्रिंगर या प्रकाशकानं बनावट रिव्ह्यूमुळे ६४ पेपर मागे घेतले होते.

त्या पोराचा डेटा अजून चांगलाच आहे. पण छापलेला पेपर तसाच दुसरीकडे पाठवला तर डबल पब्लिकेशन होतं, म्हणून आधी त्या जर्नलला ईमेल करून पेपर मागे घ्यायला लावायचा, त्यांचं लेखी उत्तर हातात येऊ द्यायचं, मगच दुसरं जर्नल, अन् तिथल्या एडिटरला हे सगळं पहिल्याच पत्रात सांगायचं. ईमेल आम्ही दोघांनी बसून लिहिलाय, उत्तराची वाट बघतोय.