काल्पनिक राज्याच्या कथेसाठी जुने मराठी शब्द कसे शोधावेत

राजे, गढ्या, लढाया लिहायला बसलं की पहिला मोह संस्कृतचा होतो: खड्ग, अश्व, राजप्रासाद. पण अशानं पात्रं पोथी वाचल्यासारखी बोलतात. बोलण्यातली जुनी मराठी हवी असेल तर लीळाचरित्र (चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ) उघडा. पैठण-देवगिरीच्या मुलखाशी जवळचं नातं असलेलं हे तेराव्या शतकातलं गद्य आहे. ओवीत छंदासाठी शब्द वाकतो, तसा इथं वाकत नाही. शब्दार्थ दिलेली संपादित प्रतच घ्या.

त्याआधी काळ ठरवा. देवगिरीच्या यादवांचं राज्य १३१८ साली संपलं. त्याआधीचा रंग हवा असेल तर हुकूम, फौज, शहर, बाजार हे फारसीतून आलेले शब्द खटकतात. आज्ञा, दळ, नगर, हाट वापरा. निजामी अमलाची छटा हवी असेल तर जहागीर, कचेरी बेलाशक येऊ द्या. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय आहेत. ते हुद्द्यांच्या नावांना शोभतात, पण संवादात कृत्रिम वाटतात.

सापडलेला शब्द दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात तपासा. अर्थाखालच्या उताऱ्यापुढे ग्रंथाचा संक्षेप असतो: 'ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी, 'एभा' म्हणजे एकनाथी भागवत. वहीत शब्दासोबत लिंग, अर्थ, ग्रंथ आणि तो उतारा टिपा. नुसता अर्थ टिपला तर वाक्यात शब्द चुकीचा बसतो. खास जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा १९९९चा कोश आहे. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शब्द मिळेना, तर बहुधा लेखन आडवं येतं: 'ओखटे' (वाईट) 'वोखटे' म्हणून, 'एक' 'येक' म्हणून शोधून बघा.

सगळ्यात जास्त फसवतात ते ओळखीचे शब्द. जुना 'उदास' म्हणजे विरक्त. आजचा वाचक खिन्न समजेल. 'काज' म्हणजे कार्य; आज ते शर्टाला असतं. 'राऊत' म्हणजे घोडेस्वार, पण वाचकाला आधी आडनाव आठवेल, म्हणून पहिल्यांदा घोड्यासकटच आणा: 'राऊतांनी घोडे सोडले आणि नदीकाठी बिढार केलं.' बिढार म्हणजे मुक्काम. 'बिऱ्हाड' हा त्याच्या जवळचा शब्द ओळखीचा असल्यानं वाचक अडखळत नाही. असे शब्द आधी निवडा. अगदी अनोळखी शब्द परिच्छेदात एकच ठेवा.

घरादारासाठी ग्रंथांपेक्षा आपली गावं बरी. माळवद (मातीचं सपाट छत), देवडी (मोठ्या दारालगतची पहाऱ्याची जागा), पेव आणि बळद (धान्य साठवायच्या जागा) हे शब्द मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐका आणि वस्तू बघूनच लिहा: पेव जमिनीखाली असतं, बळद घरात. जात्यावरच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित करा, पण शब्दाचा अर्थ म्हणणारीलाच विचारा.

राहिली मापं. घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. 'पाच मिनिटं थांब' असं राऊत म्हणणार नाही. तो म्हणेल, 'घटकाभर थांब.'