तेरा महिन्यांचं वर्ष, एकोणीस हजारांचं घर

२०२३च्या फेब्रुवारीत यांची कंपनी बंद पडली. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली पंधरा वर्षांची नोकरी गेली. महिनाभरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम मिळालं, पण पगार २७ हजारांवरून १४ हजारांवर आला. माझ्या ब्लाउज शिवण्याचे सरासरी ५ हजार. म्हणजे १९ हजार आणि घरात खाणारी पाच तोंडं: आम्ही दोघं, सासूबाई (मी त्यांना आई म्हणते), आठवीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. कार्ड पांढरं, त्यामुळे रेशनचं धान्य नाही. (तुमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळतं. अंगठा द्यायला जायचा कंटाळा करू नका, तो तुमचा हक्क आहे.)

२२ मार्चला पाडवा होता. गुढी उभारली आणि दुपारी मुलाच्या जुन्या वहीत हिशोब लिहायला बसले. पहिली चूक तिथेच लक्षात आली. मी नेहमी महिन्याचा हिशोब करायचे आणि महिन्याच्या हिशोबात घर कधीच मोडत नाही. घर मोडतं जूनमध्ये, शाळा सुरू होताना. किंवा दिवाळीत. किंवा विम्याचा हप्ता आणि गौरी-गणपती एकाच पंधरवड्यात आले की.

म्हणून तुम्हीही आधी वर्षाचं पान लिहा. वर्षातून एकदाच येणारे खर्च आठवून आठवून काढा. माझं पान असं होतं: शाळेचे ८,०००, विमा ४,८००, दिवाळी ७,०००, गौरी-गणपती ३,०००, लग्नांचे आहेर ३,०००, माहेरी आणि गावी जाणं ३,२००, दवाखाना नि मोडतोड ३,०००. लिहून झालं तेव्हा आई म्हणाल्या, "अगं, यंदा धोंड्याचा महिना आहे." अधिक श्रावण होता. जावईबापूंना वाण द्यायचं, नणंदेला साडी. त्याचे ४,००० धरले. एकूण ३६,०००. वर्ष तेरा महिन्यांचं आणि पगार बारा, म्हणजे महिन्याला ३,००० बाजूला पडायला हवे होते.

आता महिन्याचं पान. भाडं ५,५००, किराणा ३,१०० (गहू, तांदूळ, तूरडाळ सोडून), दूध १,७००, भाजी नि फळं १,३००, गॅस ९००, वीज १,२००, आईंची औषधं ९५०, पेट्रोल १,१५०, मुलाची शिकवणी ५००, मोबाइलचे रिचार्ज ५००, भिशी १,०००. बेरीज १७,८००. उरतात १,२००, हवेत ३,०००. मला अठराशे रुपये शोधायचे होते. "काटकसर करा" असं कुणी नुसतं म्हटलं की माणूस घाबरून भाजी आणि दूधच कमी करतो. नेमका आकडा समोर असला की कुठे कापायचं ते दिसतं.

मी खाण्याला हात लावला नाही. आठशे रुपये पेट्रोलचे निघाले. वर्कशॉप घरापासून साडेतीन किलोमीटर आहे. यांनी मुलाची जुनी सायकल दुरुस्त करून घेतली, गाडी फक्त आईंना दवाखान्यात न्यायला ठेवली. आईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो, तिथे सहाशे वाचले. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटला होता. त्यांनी मात्र लगेच चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून दिली. एरवी चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं, ते सांगून केंद्रात उपयोग होत नाही. गोळीतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लागतात.

उरलेले चारशे विजेतून काढले. हे जरा सविस्तर सांगते, कारण शेजारपाजारी सगळ्यांना याचाच जास्त उपयोग झाला. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो. आमचे १३८ यायचे. म्हणजे ते वरचे ३८ युनिटच सगळ्यात महाग. प्रत्येक उपकरणावरचे वॅट बघा, त्याला दिवसाच्या तासांनी आणि तिसाने गुणा, हजाराने भागा. महिन्याचे युनिट मिळतात. आमचा पाणी तापवायचा रॉड १,५०० वॅटचा होता. रोज अर्धा तास, म्हणजे महिन्याला २२ युनिट! पंख्यांवर ओरडत बसण्यात अर्थ नव्हता. रॉड बंद केला आणि गच्चीवर दोन काळे डबे भरून ठेवले. एप्रिलच्या उन्हात चार वाजेपर्यंत पाणी हात पोळेल इतकं तापतं, म्हणून आंघोळी संध्याकाळी. साठ वॅटचे दोन पिवळे बल्ब काढून एलईडी लावले, जुनी ट्यूब बदलली. शिलाई मशीनची मोटर काढून पुन्हा पायाचं पॅडल जोडलं. मे महिन्याचं बिल ९७ युनिटचं आलं. थंडीत रॉड पुन्हा सुरू केला, सकाळी आईंना गार पाणी चालत नाही. पण तेव्हा पंखे बंद असतात, त्यामुळे शंभरच्या आत-बाहेरच राहिलो.

आता धान्य. वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरायचं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. अडचण असते ती एकरकमी पैशांची. आमची बारा जणींची भिशी आहे, हजार-हजारांची. नंबर चिठ्ठीने निघतो. मी एप्रिलच्या पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की यांची नोकरी गेली आहे, मला पहिला नंबर हवा. बोलताना घसा दाटून आला होता. एकीनेही नाही म्हटलं नाही. १२,००० हातात आले आणि त्याच आठवड्यात लोकवन गहू २ क्विंटल, इंद्रायणी तांदूळ ४५ किलो, तूरडाळ २० किलो, मिरची नि मसाल्याचं सामान आणि कांदे आणले. सगळे मिळून ११,७०० गेले. तूरडाळ तेव्हा १२५ रुपयांनी मिळाली. पुढे ती पावणेदोनशेच्या घरात गेली.

कांद्याचं नाशिककरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मे महिन्यातला. हिवाळ्यात येणारा लाल कांदा टिकत नाही, त्याच्या स्वस्ताईला भुलून गोणी घेऊ नका. मी गोल्टी घेतली. छोटा कांदा असतो, सोलायला वेळ लागतो, पण भाव निम्मा. ६० किलो, ८ रुपयांनी. पिकवणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडले असतील या विचाराने पैसे देताना वाईटच वाटलं. पलंगाखाली बांबूच्या चटईवर एकेरी थर पसरला, दर रविवारी मऊ पडलेले निवडून त्या आठवड्यात वापरले. ऑक्टोबरच्या शेवटी बाजारात कांदा साठीच्या पुढे गेला तेव्हा आमच्याकडे अजून दहा-बारा किलो शिल्लक होता.

गव्हाला दोन दिवस कडक ऊन दिलं, निवडला, हाताला ओशट लागेल इतपत एरंडेल चोळलं आणि सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घातला. तांदळाचं मात्र माझ्याकडून चुकलं. उन्हातून उचलला तो गरमच कोठीत ओतला आणि झाकण घट्ट लावलं. आत वाफ धरली, जुलैत जाळी नि पोरकिडे झाले. पाच-सहा किलो पाखरांना घालावे लागले. उन्हातलं धान्य रात्रभर चादरीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. आणि बाजरी वर्षाची भरली तरी दळण आठवड्याचंच आणा, पीठ कडू होतं.

भाजीसाठी मी बुधवारी गोदाकाठच्या बाजारात संध्याकाळी सहानंतर जायचे. शेतकरी परतीच्या घाईत असतात, वाटे मोठे मिळतात. पण जाताना यादी भाजीच्या नावांची करू नका. "दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, एक कच्चं खायला" अशी करा आणि तिथे जे स्वस्त असेल ते घ्या. त्या जुलैत टोमॅटो १२० रुपये किलो झाला होता. आम्ही सहा आठवडे टोमॅटो आणलाच नाही. आमटीला चिंच, डाळीला आमसूल, भाजीत उन्हाळ्यात वाळवलेल्या कैरीच्या फोडी. मुलांनी तक्रार केली ती फक्त कोशिंबिरीची, तिथे काकडी आली. आठवड्यातून तीन दिवस भाजीऐवजी मोड आलेली मटकी, हुलगे नाहीतर चवळी. एक वाटी मटकीची मोड आल्यावर तीन वाट्या होते, पाच जणांना रात्रीचं पुरतं.

गॅसचं एकच सांगते. सिलिंडर लावला ती तारीख कालनिर्णयवर लिहा. आमचा आधी ३८ दिवस जायचा, तारीख लिहायला लागल्यावर ५० दिवस गेला. डाळ तासभर भिजवायची, वरण-भात-बटाटे एकाच कुकरमध्ये, पोळ्या आणि भाकरी एकाच तापल्या तव्यावर. ऑगस्टच्या शेवटी सिलिंडरचे २०० रुपये कमी झाले तेही वहीत वेगळे मांडले. नाहीतर आपोआप वाचलेला पैसा आपोआपच जातो.

शाळेचे ८,००० धरले होते, ५,३०० लागले. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून बाइंडरकडून सहा जाड वह्या बांधून घेतल्या, कच्च्या कामाला त्या मार्चपर्यंत पुरल्या. गणवेश मीच शिवला, आत चार बोटं दुमड ठेवून. मुलीला मात्र नवीन दप्तर घेतलं. जुनं तिच्या दादाचं होतं, पट्टा दोनदा शिवलेला. ती काही बोलली नव्हती, पण वर्गात ते पायाखाली लपवून ठेवते हे मला कळलं होतं. ३५० रुपये गेले, त्याची मला खंत नाही.

सगळ्यात कठीण गेला तो धोंड्याचा महिना. आईंच्या मनात चांदीचं ताट होतं. लेकीला नि जावयाला कमी पडलं तर आईंना लागेल, आणि ४,००० पेक्षा एक रुपया जास्त नव्हता. मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि सगळं पान वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तांब्याचं ताट आण. अनारसे मी करते, तेहतीस." तांदूळ तीन दिवस भिजवण्यापासून तळण्यापर्यंत त्यांनी एकटीने केलं. वाण घेताना नणंद मला म्हणाली, "वहिनी, आईच्या हातचे अनारसे किती वर्षांनी खातेय!" घरातल्या मोठ्यांपासून पैशांची ओढाताण लपवू नका. लपवलं की ते जुन्या हाताने खर्च सांगत राहतात आणि आपण मनात कुढत राहतो.

दिवाळीचा फराळ आम्ही चौघी शेजारणींनी मिळून केला. एकीकडे चकली, एकीकडे शेव, एकीकडे शंकरपाळे, माझ्याकडे चिवडा नि लाडू. एका कढईचं तेल एकाच पदार्थाला लागतं, उरत नाही, आणि प्रत्येक घरी एकच दिवस गॅस जळतो. माहेरी एसटीने गेले. त्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून वर्षातून दोनदा जाता आलं.

काय कापायचं नाही तेही आधीच ठरवून लिहा. आमच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चार गोष्टी होत्या: मुलांचं दूध, आईंच्या गोळ्या, मुलाची शिकवणी, भिशी. जानेवारीत यांचा पगार दहा दिवस थकला, तेव्हा त्या पुठ्ठ्यामुळेच शिकवणी सुटली नाही. किराणा-दुकानदाराकडे उधारी केली आणि पगार आला त्याच संध्याकाळी चुकती केली.

९ एप्रिल २०२४ला पाडवा आला तेव्हा बाजूला ठेवलेल्या पैशांतले २,१४० शिल्लक होते आणि डोक्यावर उधारी नव्हती. भिशीचा पहिला नंबर यंदा समोरच्या ताईंना दिला, त्यांच्या मिस्टरांचंही काम सुटलंय. माझा दुसरा आहे, म्हणून गहू मे महिन्यात भरायचा. तांदूळ या वेळी चादरीवर रात्रभर गार करून.