करंट मधूनच जातो? आधी अर्थिंग बघा

जुन्या गाडीचे लाइट मधूनच मंद होतात, कधी सेल्फ नुसता टक करून गप्प बसतो आणि मेकॅनिककडे नेली की सगळं एकदम व्यवस्थित, असं होत असेल तर लगेच बॅटरी किंवा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलायला धावू नका. आपल्या गोव्यात खारी हवा, वर चार महिने पाऊस, त्यामुळे मी तरी पहिला संशय अर्थिंगच्या वायरवरच, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या वायरवरच घेतो. माझ्या गाडीची वायर वरून छान काळीभोर दिसायची, टोकाचं रबर सोललं तर आत तांबं हिरवं पडून त्याचं पीठ झालेलं.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर (क्लॅम्पवर नाही, पोलवरच), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आसपास आलं तर ठीक, 0.5 च्या वर गेलं तर अर्थ खराब. मीटरच्या नुसत्या बीपवर (वायर अखंड आहे का ते सांगणारा आवाज) विश्वास ठेवू नका हां, वायरची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, लोड आला की तिला तो पेलवत नाही.

तिथे ठीक असेल तर इंजिन बंद, हेडलाइट चालू, मीटरचं दुसरं टोक बॉडीच्या उघड्या धातूवर, आणि वायरी हाताने वीत-वीत हलवत जा. आकडा जिथे उडाला तिथेच फॉल्ट. बॅटरीचा मायनस काढून तो जोड पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन.