पहिली नाइट लागलेल्या सिस्टरसाठी

नव्याने रुजू झालेल्या मुली आधी झोपेचंच विचारतात. झोप आवरते कशी, हे एक-दोन आठवड्यांत ज्याचं त्याला कळतं. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. दिवसा पेशंटकडे बघणारे बरेच असतात: राउंडचे डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, विद्यार्थी, भेटायला येणारे नातेवाईक. रात्री अकरानंतर नातेवाईकही पेंगतात आणि पूर्ण वॉर्डावर लक्ष ठेवणारी तूच उरतेस. त्याची तयारी कॉलेजात फारशी होत नाही.

सुरुवात ओव्हरपासून, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून वॉर्डाचा ताबा घेण्यापासून. ओव्हर टेबलाशी बसून घेऊ नकोस, प्रत्येक कॉटशी जाऊन घे. सलाईन किती उरलंय, युरोबॅगमध्ये (लघवीच्या पिशवीत) किती साचलंय, ऑक्सिजन किती लिटरवर चालू आहे, हे डोळ्यांनी बघ. संध्याकाळच्या सिस्टरला घरी जायची घाई असते, तिचंही बरोबर आहे. पण एक प्रश्न तिला विचारल्याशिवाय सोडू नकोस: इन्सुलिन घेतलेल्यांपैकी रात्री कोण जेवलं नाही? ‘नको म्हणाले’ असं जिच्याबद्दल किंवा ज्याच्याबद्दल कळेल, तो कॉट नंबर तळहातावर लिहावा लागला तरी चालेल. मध्यरात्रीनंतर शुगर खाली येणारा पेशंट ओरडत नाही. घामाने अंग गार पडतं आणि तो गाढ झोपल्यासारखा दिसतो. शेजारी बसलेली त्याची मुलगी सांगते, “सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका.” उठव. कपाळाला हात लाव, नाव विचार, शंका आली तर ग्लुकोमीटर लाव. ७०च्या खाली आकडा आला की पुढची धावपळ करायला वेळ तरी मिळतो.

इन्सुलिनचंच अजून एक. सरकारी दवाखान्यात बहुधा ४० युनिटची (एका मिलीत ४० युनिट) बाटली येते, तिची सिरिंज लाल टोपणाची. नातेवाईक बाहेरून आणतात ती कधी १०० युनिटची असते, तिची सिरिंज केशरी टोपणाची. १००च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या रेषेपर्यंत औषध ओढलं, तर पेशंटला दहा नाही, पंचवीस युनिट जातात. अंधुक उजेडात बाटली वाचू नकोस. नर्सिंग स्टेशनच्या दिव्याखाली ये आणि दुसरी सिस्टर असेल तर तिला दाखव. पोटॅशियम क्लोराइडचंही तसंच: ते कधीच थेट शिरेत ढकलायचं नसतं, सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचं.

आता श्वासाबद्दल. अनेक चार्ट उघडून बघ, श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २० लिहिलेलं सापडेल. कोणी मोजलेलंच नसतं. बिघडणाऱ्या पेशंटमध्ये बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट छातीकडे बघ. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २४-२५च्या वर गेला की डॉक्टरांना उठवायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

आणि उठवताना संकोच नको. नवीन मुली इथेच अडखळतात. सर रागावतील म्हणून अर्धा तास घालवतात. फोनवर “पेशंट बरा वाटत नाही” एवढंच म्हटलं तर झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. कॉट नंबर, आजार, आत्ताचे आकडे, दोन तासांपूर्वीचे आकडे, आणि “तुम्ही येऊन बघा” असं सरळ सांग. फोनवर औषध सांगितलं तर डोस परत वाचून दाखव. किती वाजता कळवलं ते नोट्समध्ये लिही.

पहाटे तीन ते पाच हा सगळ्यात अवघड वेळ. शरीराचं तापमान तेव्हा सर्वांत खाली असतं, डोकंही मंदावतं. औषधांचे हिशेब, डोस काढणं ही कामं जमतील तितकी आधी उरकून घे आणि या दोन तासांत बसू नकोस, फेऱ्या मार. भरपेट जेवण ड्युटीआधी कर, मध्यरात्री हलकंच खा, तीननंतर चहा नको. नाहीतर घरी गेल्यावर झोप लागत नाही. सकाळी डोळे मिटत असतील तर स्कूटर तिथेच ठेव आणि रिक्षाने जा.

घरच्यांना एकदा नीट समजावून सांगावं लागतं. “दिवसभर घरीच तर असतेस” हे वाक्य बहुतेकींनी ऐकलंय. रात्रपाळीमुळे कर्करोगाचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली म्हटलं आणि २०१९ साली पुन्हा तेच सांगितलं. म्हणून नाइट ऑफ कुणासाठी सोडू नकोस, त्या दिवशी झोप.

शेवटचं, पण मला फार महत्त्वाचं वाटतं ते. परळच्या केईएममध्ये १९७३ साली तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, तो ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलताना. त्या अंथरुणाला खिळल्या, आणि पुढे २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं. चेंजिंग रूमला आतून कडी आहे का, जिन्यावर दिवा आहे का, रात्री ब्लड बँकेत रक्त आणायला कोण सोबत येणार, हे पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरना विचार. कडी नसेल तर मेट्रनच्या नावाने अर्ज दे आणि पोच घे.