वेबसाइटचं ट्रॅफिक गटांत विभागताना या चुका टाळा

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या चपलांच्या दुकानात शिरणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. कुणी भवानी मंडप कुठं म्हणून विचारतो, कुणी जुन्या कापशी चपलेचा तुटलेला अंगठा शिवून मागतो. गल्ल्यावरचा माणूस चेहरा बघून ओळखतो. वेबसाइटवर मात्र तोच माणूस 'आज एवढे लोक आले' या एका आकड्यावर खूश होतो, नाहीतर हबकतो.

जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडाच्या शोत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि गदारोळ उठला. अशा वेळी साइटवर गर्दी उसळते, पण ऑर्डरी आहेत तेवढ्याच राहतात. मग मालकाला वाटतं, साइटच बिघडली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालेल्या जीआय (भौगोलिक) मानांकनाची माहिती वाचायला आलेले आणि थेट मालाच्या पानावर उतरलेले, असे दोन सेगमेंट, म्हणजे गट, करून बघा. दुसऱ्या गटाचा खरेदीचा दर पूर्वीइतकाच असेल, तर साइटला हात लावू नका.

जीए४, म्हणजे साइटवरची वर्दळ मोजणारं गूगल ॲनालिटिक्स ४. त्यात युजर (माणूस), सेशन (त्याची एक भेट) आणि इव्हेंट (भेटीतली एखादी कृती) असे तीन प्रकारचे सेगमेंट बनतात. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. 'इन्स्टाग्रामवरून आलेले' असा युजर सेगमेंट केला, की त्या माणसाच्या पुढच्या गूगलवरून झालेल्या भेटीही त्यातच जमा होतात. जाहिरात उगाच भारी दिसते. एखाद्या जाहिरातीचा हिशोब करायचा तर सेशन सेगमेंट घ्या.

कुठून आली ते कळत नाही अशा भेटी जीए४ 'डायरेक्ट'मध्ये टाकतं. 'डायरेक्ट' म्हणजे नेहमीची गिऱ्हाइकं, हाही गैरसमजच. व्हॉट्सॲपवर टाकलेली साधी लिंक बहुतेक वेळा डायरेक्टमध्येच मोजली जाते. ग्रुपवर लिंक टाकताना यूटीएम, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणारी खूण, लिंकच्या शेवटी जोडा, आणि स्पेलिंग कायम स्मॉल अक्षरांतच ठेवा. एखादं कॅपिटल पडलं तरी तो वेगळा स्रोत धरला जातो.

ऑर्डरी पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे भरायच्या साइटच्या, नावावर दिसतात? पैसे भरून परत आलेलं गिऱ्हाईक तिथूनच आलं, असं धरलं जातंय. ते डोमेन जीए४ मधल्या नको असलेल्या रेफरलच्या (दुसऱ्या साइटवरून आलेल्या भेटींच्या) यादीत टाका.

दुकानातली पोरं दिवसभर गिऱ्हाइकाला साइट उघडून दाखवतात, तेही ट्रॅफिकच. जीए४ मधला अंतर्गत, म्हणजे आपल्याच माणसांच्या, ट्रॅफिकचा फिल्टर सुरुवातीला 'टेस्टिंग'वर असतो. तो 'ॲक्टिव्ह' करेपर्यंत काही गाळत नाही, आणि आधीचा डेटा साफ करत नाही तो नाहीच. शिवाय तो आयपीवर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावर, चालतो, त्यामुळं दुकानाचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर साइट उघडली की सुटलंच.

शहरावरून गट पाडताना जपून. मोबाइल इंटरनेटवरचा कागल-गडहिंग्लजचा माणूस पुणे-मुंबईत दिसू शकतो. ते बघून पुण्यासाठी जाहिरात वाढवण्याआधी ऑर्डरींवरचे पिनकोड काढून बघा, ते सहसा खोटं बोलत नाहीत.

सेगमेंट करता करता हात थांबत नाही, हेही खरं. कोल्हापूर, आयफोन, रात्री दहानंतर... शेवटी उरतात अकरा माणसं आणि दोन ऑर्डरी. त्याला अठरा टक्के म्हणून नाचू नका.

आणि एक सेटिंग आजच बघा. एक्सप्लोरेशनसाठीचा (जीए४ मध्ये हे सेगमेंट जिथं लावून बघतो त्या भागाचा) डेटा सुरुवातीला दोनच महिने ठेवला जातो. ॲडमिनमधल्या डेटा रिटेन्शनमध्ये तो चौदा महिने करता येतो. पुसलेला डेटा परत येत नाही. म्हणजे गेल्या दिवाळीचे गट यंदाच्या दिवाळीशी ताडून बघायचे असतील, तर हे वेळेत करायला हवं.