लेसोथोला जायचंय? मग सुरुवात साउथ आफ्रिकेपासून करा

लेसोथो हा देश चारी बाजूंनी साउथ आफ्रिकेच्या पोटात आहे, त्यामुळे कसंही गेलात तरी तिकडूनच जावं लागणार. म्हणून आधी साउथ आफ्रिकेचा व्हिसा, आणि तोही मल्टिपल एन्ट्रीच मागा. लेसोथोत शिरलात की साउथ आफ्रिकेतून बाहेर पडलात, परत येताना दुसरी एन्ट्री लागते, सिंगल असेल तर बसा मग डोंगरात! अर्जासोबतच्या प्लॅनमध्ये लेसोथोचं नाव स्पष्ट लिहा. लेसोथोच्या व्हिसासाठी त्यांचं दिल्लीत हायकमिशन आहे, तिथे ताजा नियम विचारून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि तिकीट नैरोबी किंवा अदिस अबाबावरून काढताय आणि तिथे बारा तासांच्या वर थांबताय, तर यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्या.

जोहान्सबर्गहून मासेरूला, म्हणजे लेसोथोच्या राजधानीला, छोटं विमान आहे, पण खरी मजा गाडीने. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. गाडी भाड्याने घेताना बॉर्डर ओलांडायचं परवानगीपत्र मागायचं, ते नसेल तर चौकीवरून परत पाठवतात.

आता रस्ते. अख्ख्या देशात 1,400 मीटरच्या खाली एकही जागा नाही, म्हणजे सगळ्यात खालचं ठिकाणसुद्धा महाबळेश्वरपेक्षा उंच. त्यामुळे मॅपवर शंभर किलोमीटर दिसले की दोन तासांत उरकू असं धरू नका, घाट, मध्येच गाई-मेंढ्या, घोड्यावर ब्लँकेट पांघरलेले गुराखी, शिवाय दर वळणावर फोटोसाठी तुम्हीच थांबणार. सानी पास म्हणजे साउथ आफ्रिकेतून लेसोथोत चढणारा घाट, त्याच्या वरच्या टप्प्यात नुसती खडी आणि एकावर एक हेअरपिन वळणं, तिथे फोर बाय फोर सक्तीची आहे, आणि चौकी संध्याकाळी सहाला बंद होते. बरेच लोक सानी पासला जीपने वर जातात, पबमध्ये एक बिअर मारतात आणि लगेच खाली, झाला म्हणे लेसोथो! माझ्या मते याला काही अर्थ नाही.

त्यापेक्षा मासेरूहून सेमोंकाँगला जा आणि दोन रात्री तरी काढा. मालेत्सुन्याने धबधबा तिथेच, 192 मीटरची एकच सरळ उडी, दम असेल तर दोरावरून त्याच्या शेजारून उतरताही येतं. नाहीतर तिथलं बासोथो पोनी घ्या, घोड्यावर कधी बसला नसाल तरी चालतं, ती पोनी दगडधोंड्यांतून पाय बरोबर टाकतात, तुम्ही फक्त लगाम ओढत बसू नका. वेळ उरलाच तर कात्से धरण बघा, जोहान्सबर्गच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथल्याच डोंगरांतलं.

शाकाहारी मंडळींनी घाबरायचं कारण नाही, पापा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि सोबत मोरोहो म्हणजे शिजवलेली पालेभाजी, हे कुठेही मिळतं.

जून ते ऑगस्ट तिकडे थंडी, बर्फसुद्धा पडतो, स्वेटरवर भागणार नाही, जाड जॅकेट हवंच. पावसाळा साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, धबधबा भरलेला हवा तर तेव्हाच. पेट्रोल मासेरूतच फुल करा. एसी-गीझरला आपल्याकडे जो मोठा तीन पिनी प्लग असतो तसाच तिकडे लागतो. साउथ आफ्रिकेचा रँड लेसोथोत सगळीकडे चालतो, एक रँड म्हणजे लेसोथोचा एक लोटी, पण सुट्टे परत मिळतात ते मालोतीत (लोटीचंच अनेकवचन) आणि साउथ आफ्रिकेत ते कोणी घेत नाही, तेव्हा बॉर्डरच्या अलीकडेच खर्चून टाका.